आवाज आहे, पण बात कुठे आहे?

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)



कवीला माइकसमोर बसवलं की तो कविता ऐकवणार, अशी एक भीती लोकांच्या मनात असते. ती मी सुरुवातीलाच दूर करतो. आज मी कविता ऐकवणार नाही. आज बोलणार आहे एका यंत्राबद्दल. घरी गाणी ऐकायला आणि सिनेमा बघायला हल्ली होम थिएटर लावतात. त्यातला ॲम्प्लिफायर कसा निवडावा, हा आजचा विषय. माझं शिक्षण बी. ए. पर्यंतचं, विज्ञानाची वही दहावीनंतर मिटली ती मिटलीच. तरीही या विषयावर बोलण्याचं धाडस करतो आहे, कारण आमच्या अकोटच्या घरात हा प्रश्न चांगला आठ महिने चालला. त्या आठ महिन्यांत मी यंत्राबद्दल थोडं शिकलो आणि घरातल्या एका माणसाबद्दल बरंच शिकलो.

त्या माणसाची ओळख आधी करून देतो. ती माझी अम्मी. वय सत्त्याहत्तर. माझे वडील जिनिंगमध्ये कामाला होते. घरात पैसा बेताचा, पण कोनाड्यात रेडिओ होता. तो रेडिओ नावाला वडिलांचा, खरा अम्मीचा. चुलीपाशी भाकरी थापताना तिचा एक कान विविध भारतीकडे आणि एक कान आमच्या भांडणाकडे असे. विविध भारती १९५७ साली सुरू झाली आणि अम्मीच्या लग्नानंतर लवकरच आमच्या घरात आली. रेडिओ सिलोनवरची गाणी, नाटकं, सिनेमाच्या जाहिराती, सगळं तिला पाठ. शाळा तिसरीपर्यंत झालेली. पण उर्दूचा कोणता शब्द कुठे शोभतो, हे तिने पुस्तकातून नाही, रेडिओतून आणि सिनेमातून घेतलं. मी मराठीत लिहू लागलो, तेव्हा कवितेचा शब्द आधी कानाला बरा लागला पाहिजे, हा धडा मला तिच्याकडूनच मिळाला होता.

‘शोले’ १९७५ साली आला, तेव्हा मोठ्या शहरांत तो सत्तर मिलिमीटरच्या पडद्यावर, स्टिरिओ आवाजात दाखवला गेला. आमच्याकडे तो पोचला तेव्हा पडद्यावर रेघा आणि पडद्यामागे एकच स्पीकर. पण संवाद असे स्वच्छ की, टॉकीजबाहेर पानठेल्यावर उभा असलेला माणूसही ते म्हणून दाखवी. पुढे त्या संवादांच्या रेकॉर्डी निघाल्या आणि गाण्यांसारख्या खपल्या. लोक सिनेमा ‘बघायला’ जात, पण आणत मात्र ऐकून. अम्मीही तशीच. घरी आल्यावर शेजारच्या बायांना ती अख्खा सिनेमा संवादांसह सांगे.

आता अलीकडची गोष्ट. पाच-सहा वर्षांपूर्वी आम्ही जुना डबा टीव्ही काढून भिंतीला लावायचा पातळ टीव्ही घेतला. चित्र मोठं झालं, रंग झकास. आणि हळूहळू अम्मी टीव्हीसमोर बसेनाशी झाली. रात्री सगळे सिनेमा लावून बसले की ती आतल्या खोलीत जाई. मी म्हटलं, वय झालं. आता हिचं मन तसबीहमध्ये जास्त रमतं. घरातल्या सगळ्यांनी हे मान्य करून टाकलं. म्हातारं माणूस गप्प झालं की आपण त्याला एक सोयीचं कारण देऊन मोकळे होतो, तसं.

गेल्या वर्षी ईदला मुलगा पुण्याहून आला. नोकरीला लागलेला, हाताशी थोडा पैसा. म्हणाला, “अब्बू, या टीव्हीचा आवाज म्हणजे डब्यात बसून बोलल्यासारखा आहे. आपण होम थिएटर घेऊ. पाच स्पीकर आणि एक सबवूफर. खिडक्या हलल्या पाहिजेत.” मी म्हटलं, “बेटा, या घराच्या खिडक्या वाऱ्यानेही हलतात. पण माझी गाणीही वाजली पाहिजेत.” माझ्याकडे वडिलांच्या वेळच्या रेकॉर्डी आहेत, मॅग्नेटिक पिकअपचा एक रेकॉर्ड प्लेअर आहे. त्याला सिनेमा हवा, मला गाणी. एका यंत्रात दोन्ही बसवायचं, असं ठरलं. बजेट पन्नास हजार.

मुलाने मोबाइलवर बरंच वाचलं होतं. त्यात ‘प्रीॲम्प्लिफायर’ हा शब्द वारंवार येई. मला तो काही केल्या उमगेना. शेवटी मला तो समजला तो माझ्या वडिलांच्या धंद्यातून. आपल्या वऱ्हाडात हे कोणालाही समजेल. कपाशी जिनिंगमध्ये येते. तिथे सरकी वेगळी होते, रुई वेगळी होते. मग रुई प्रेसमध्ये जाते आणि दाबून गठाण बांधली जाते. प्रेस कितीही ताकदीचा असला, तरी रुईत काडी-कचरा राहिला असेल तर गठाणीत कचराच जाणार. आवाजाचंही असंच आहे. प्रीॲम्प्लिफायर म्हणजे जिनिंग, आणि स्पीकर हलवणारा पॉवर ॲम्प्लिफायर म्हणजे प्रेस. रेकॉर्ड प्लेअर, सीडी, टीव्ही, मोबाइल यांतला कोणता आवाज घ्यायचा, तो किती मोठा-लहान करायचा, त्यात जाड-बारीक किती ठेवायचं, हे सगळं प्रीॲम्प्लिफायर ठरवतो. तिथे शब्द बिघडला, तर पुढे तो बिघडलेला शब्दच मोठा होऊन बाहेर येतो.

ताकदीचा फरकही केवढा! रेकॉर्डच्या सुईतून येणारा विजेचा संदेश जेमतेम पाच मिलिव्होल्टचा, म्हणजे व्होल्टच्या हजाराव्या भागाच्या पाचपट. सीडी प्लेअरमधून येतो तो साधारण दोन व्होल्टचा. शिवाय रेकॉर्ड कापतानाच तिच्यात जाड स्वर कमी आणि बारीक स्वर जास्त ठेवलेले असतात, म्हणजे खाचा फार रुंद होत नाहीत आणि सुईची खरखर दबते. ऐकताना ते उलटं करून घ्यावं लागतं. म्हणून रेकॉर्ड प्लेअरसाठी ‘फोनो’ असं लिहिलेलं वेगळं छिद्र लागतं. साध्या छिद्रात जोडला तर आवाज मुंगीसारखा बारीक आणि चिरका येतो. जुन्या रेकॉर्डी ज्यांच्याकडे आहेत त्यांनी यंत्र घेताना मागच्या बाजूला हे छिद्र आहे का, ते आधी बघावं. नसेल तर एक छोटी वेगळी फोनो डबी घ्यावी लागते.

सिनेमासाठी मात्र या प्रीॲम्प्लिफायरला आणखी एक काम करावं लागतं. हल्लीच्या सिनेमाचा आवाज सहा धाग्यांत गुंडाळून येतो. त्यालाच ‘पाच पॉइंट एक’ म्हणतात. पुढे डावा, मधला, उजवा असे तीन. मागे किंवा बाजूला दोन. आणि एक फक्त गडगडाटासाठी. ते धागे सोडवून ज्याचा आवाज त्याच्या स्पीकरला द्यायचा, हे काम यंत्र करतं. यात एक गोष्ट लक्षात ठेवा, श्रोतेहो. या सहांपैकी पात्रांचं बोलणं बहुतेक सगळं मधल्या स्पीकरमधून येतं. बाकीचे पाच म्हणजे पाऊस, घोडे, गाड्या आणि संगीत.

हा स्टिरिओ आवाज आला कुठून, याची एक गोष्ट मला फार आवडली. १९३१ साली मुंबईत ‘आलम आरा’ लागला आणि आपला सिनेमा बोलू लागला. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये ॲलन ब्लमलिन नावाचा एक तरुण इंजिनिअर आपल्या होणाऱ्या बायकोला घेऊन सिनेमाला गेला. नट पडद्याच्या एका टोकाला आणि त्याचा आवाज भलतीकडूनच, कारण स्पीकर एकच. तो तिला म्हणाला, माणूस चालेल तसा त्याचा आवाजही चालला पाहिजे, आणि ते मी करून दाखवीन. त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्याने स्टिरिओ आवाजाच्या पेटंटचा अर्ज केला. पुढे १९४२ साली, युद्धकाळात, रडारची चाचणी घेताना विमान कोसळून तो गेला. वय अवघं अडतीस. सांगायचं असं की, या सगळ्या भानगडीची सुरुवात स्फोटाचा आवाज मोठा व्हावा म्हणून झालेली नाही. बोलणारा माणूस जिथे आहे तिथूनच बोलावा, एवढ्यासाठी ती झाली.

असो. आम्ही दोघे बापलेक अकोल्याला गेलो. ब्रॉडगेज झाल्यावर २०२२ मध्ये अकोट-अकोला गाडी पुन्हा सुरू झाली आहे. जाताना अम्मीला सोबत घेतलं, कारण तिला डॉक्टरांकडे न्यायचं होतं. कान दुखतो म्हणत होती. डॉक्टरांनी कान साफ केला आणि म्हणाले, एकदा ऐकण्याची तपासणी करून घेऊ. काचेच्या छोट्या खोलीत तिला बसवलं, कानाला हेडफोन लावले, आणि आवाज आला की बटण दाबायला सांगितलं. कागदावर जो आलेख आला, तो डावीकडे बरा आणि उजवीकडे घसरगुंडीसारखा खाली. डॉक्टरांनी समजावून सांगितलं. वयाबरोबर आधी बारीक स्वर जातात. ‘आ’, ‘ओ’, ‘ऊ’ हे स्वर जाड असतात, ते ऐकू येतात. पण ‘स’, ‘श’, ‘फ’, ‘थ’, ‘ट’ अशा व्यंजनांची ओळख बारीक आवाजात असते, आणि नेमकी तीच पुसली जाते. त्यामुळे कोणी बोलतं आहे हे कळतं, काय बोलतं आहे हे कळत नाही.

मी अम्मीला विचारलं, “तू सांगितलं का नाहीस?” ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “क्या बोलती बेटा? सब हंसते थे तो मैं भी हंसती थी. फिर हंसने का भी थक गई.”

श्रोतेहो, मी शब्दांचा धंदा करणारा माणूस. कोणाच्या ओळीत एक मात्रा कमी पडली तर मला खटकते. आणि माझ्याच घरात दोन वर्षं माझी आई न समजलेल्या वाक्यांवर हसत होती, ते मला ऐकू आलं नाही. तपासणी तिची झाली, पण बहिरा कोण होता, याचा निकाल माझ्यापुरता त्या खोलीत लागला.

जागतिक आरोग्य संघटना सांगते की साठीच्या पुढच्या पंचवीस टक्क्यांहून अधिक लोकांना रोजच्या जगण्यात अडचण येईल इतकं कमी ऐकू येतं. म्हणजे ज्या घरात म्हातारं माणूस आहे, अशा पुष्कळ घरांत हेच चाललेलं असणार. तेव्हा पहिली गोष्ट कानाच्या डॉक्टरांची, यंत्राचं दुकान नंतर. अम्मीला कानातलं यंत्र मिळालं. पण ते तासभर घातलं की ती काढून ठेवते. सवय व्हायला वेळ लागतो, असं डॉक्टर म्हणाले. होम थिएटर हा त्याला पर्याय नाही, हे मी स्पष्ट सांगतो.

तरी त्या दिवशी आम्ही दुकानात गेलो, आणि अम्मीही आमच्यासोबत आली. दुकानदाराने मोठ्या अदबीने तिला खुर्ची दिली आणि यंत्र सुरू केलं. हेलिकॉप्टर डोक्यावरून गेलं, इमारती कोसळल्या, काचा फुटल्या. माझा मुलगा खूश. दुकानदाराने अम्मीला विचारलं, “कैसा लगा, अम्मा?” ती म्हणाली, “आवाज तो बहुत है बेटा. बात कां है?”

दुकानदार हसला. मी मात्र तिथेच ठरवलं की यंत्र हीच बाई पसंत करणार. घरात ज्याला सगळ्यांत कमी ऐकू येतं, त्याला शब्द कळला की बाकीच्यांना कळलाच.

याचा अनुभव मला कविसंमेलनांतही आहे. खेड्यापाड्यातल्या संमेलनात माइकवाला बेस आणि एको इतका वाढवून ठेवतो की प्रत्येक कवीचा आवाज विहिरीतून आल्यासारखा येतो. एकदा कार्यक्रम संपल्यावर एक म्हातारा शेतकरी मला म्हणाला, “कविता चांगली असन भाऊ, पण मले आयकू आली ते नुसती घुमघुम.” तेव्हापासून मी स्टेजवर जाण्याआधी माइकवाल्याला चहा पाजतो आणि एको बंद करून घेतो.

यंत्र घेण्याआधी अशाच एका माइकवाल्या भाऊला मी घरी बोलावलं. उरूस असो की गणपती, अकोट-तेल्हारा भागात तोच. त्याने यंत्राचं नावही काढलं नाही. खोलीच्या मधोमध उभा राहिला आणि एक टाळी वाजवली. टाळीच्या मागे ‘टर्रर्र’ असा आवाज आला. म्हणाला, “भाऊ, खाली फरशी, चहूकडे सिमेंटची भिंत, वर पत्रा. एक शब्द दहादा आदळते. लाखाचं मशीन आणलं तरी असंच बोंबलन.” मग म्हणाला, “अकोटात राहता अन् घरात सतरंजी नाही?”

खरंच की. अकोटची सतरंजी जुन्या काळापासून नावाजलेली. आमच्या घरात ती होती, पण पाहुणे आले की काढायची म्हणून पेटीवर गुंडाळून ठेवलेली. ती जमिनीवर पसरली. भिंतीकडे पुस्तकांचं कपाट सरकवलं, खिडकीला जाड पडदा लावला, अम्मीच्या गोधड्या दिवाणावर आल्या. पुन्हा टाळी वाजवली, तर टाळीपुरतीच टाळी ऐकू आली. सतरंजी आणि पडदे बारीक स्वरांचं आदळणं कमी करतात, आणि शब्दाची ओळख त्याच बारीक स्वरांत असते, हे डॉक्टरांनी सांगितलंच होतं. गडगडाट मात्र सतरंजीने कमी होत नाही. त्यासाठी स्पीकर कोपऱ्यातून बाहेर काढावे लागतात, कारण कोपरा जाड आवाज वाढवतो. या सगळ्याला खर्च किती आला? पडद्याचे पैसे तेवढे.

आता यंत्राची निवड. आमच्यापुढे चार वाटा होत्या. पहिली वाट म्हणजे प्रीॲम्प्लिफायर वेगळा आणि पॉवर ॲम्प्लिफायर वेगळा. शौकिनांची ही आवडती जोडी. मोठा हॉल आणि अवघड स्पीकर असतील तर तिचा उपयोग आहे. पण दहा बाय चौदाच्या खोलीत ती म्हणजे परसातल्या वाफ्याला ट्रॅक्टर. दुसरी, टीव्हीखाली ठेवायची आवाजाची पट्टी, म्हणजे साउंडबार. सोपी आहे, स्वस्तही मिळते. पण माझ्या रेकॉर्डी तिला सहसा जोडता येत नाहीत. तिसरी, दोन स्पीकरांचा साधा स्टिरिओ ॲम्प्लिफायर. गाण्यांसाठी उत्तम. पण त्यात सिनेमातला मधला आवाज दोन्हीकडे अर्धा अर्धा वाटला जातो. बरोबर मध्ये बसलेल्याला तो मधूनच आल्यासारखा वाटतो. बाजूला बसलेल्याला जवळच्या स्पीकरमधून येतो आणि संगीतात बुडतो. आमची अम्मी बाजूच्या दिवाणावर बसते. चौथी वाट म्हणजे रिसिव्हर. यात प्रीॲम्प्लिफायर आणि पॉवर ॲम्प्लिफायर एकाच पेटीत असतात.

आम्ही रिसिव्हर घेतला. मात्र स्पीकर पाचऐवजी तीनच घेतले, डावा, मधला आणि उजवा. जे पैसे मागच्या दोन स्पीकरांत आणि सबवूफरमध्ये गेले असते, ते या तिघांच्या दर्जात घातले. यंत्राला ‘मागे स्पीकर नाहीत’ असं सांगण्याची सोय असते. मग तो मागचा आवाजही पुढच्यांना वाटून देतो, काही हरवत नाही. पुढे पैसे आले तर उरलेले जोडता येतात. मुलगा थोडा हिरमुसला. म्हटलं, छिद्र मागे आहे, सबवूफर तुझ्या दिवाळी बोनसमधून आण. पण त्याचा कान माझ्या हातात राहील.

घेताना काही गोष्टी तपासल्या, त्या सांगतो. वॅटच्या आकड्याला भुलू नका. एकेकाळी डब्यांवर हजार वॅट पीएमपीओ असं छापलेलं असे, त्याला काही अर्थ नव्हता. सतत देता येणारी ताकद, म्हणजे आरएमएस, विचारावी, आणि ती किती स्पीकर एकदम वाजत असताना मोजली आहे तेही विचारावं. शिवाय पन्नास वॅटच्या जागी शंभर वॅट घेतले म्हणजे आवाज दुप्पट होत नाही. फरक फक्त तीन डेसिबलचा पडतो, कानाला जेमतेम कळेल इतका. दुप्पट मोठा वाटायचा तर ताकद दहापट लागते. तेव्हा वॅटसाठी जास्तीचे पैसे देण्यापेक्षा ते स्पीकरसाठी द्यावेत.

दुसरी गोष्ट, टीव्हीचा आवाज यंत्रात आणण्यासाठी दोन्हीकडे एचडीएमआयचं ‘एआरसी’ लिहिलेलं छिद्र हवं. म्हणजे एकच तार पुरते आणि टीव्हीच्या रिमोटनेच आवाज कमी-जास्त होतो. ज्या घरात म्हातारी माणसं आहेत तिथे चार रिमोट म्हणजे चार संकटं. तिसरी, मधल्या स्पीकरचा आवाज स्वतंत्रपणे वाढवता आला पाहिजे. आम्ही तो चार डेसिबल वाढवून ठेवला आहे. चौथी, ‘नाइट मोड’ हवा. तो मोठे धमाके दाबतो आणि हळू बोलणं वर आणतो. रात्री शेजाऱ्यांची झोप आणि अम्मीचे संवाद, दोन्ही त्याने सांभाळले जातात. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालापासून आहेत. राहत्या वस्तीत दिवसा पंचावन्न आणि रात्री दहानंतर पंचेचाळीस डेसिबल ही मर्यादा आहे. ती गणपती, उरूस आणि लग्नाच्या वरातीसाठीच आहे, आपल्या घरासाठी नाही, असं समजू नये.

पाचवी गोष्ट आपल्याकडची खास. उन्हाळ्यात अकोल्याकडे पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो. ॲम्प्लिफायर स्वतःच तापणारं यंत्र आहे. त्याला बंद कपाटात कोंबू नका आणि त्यावर विणलेला रुमाल टाकू नका. आमच्या घरात पहिल्याच दिवशी टाकला गेला होता. विजेचं अर्थिंगही बघून घ्या. सुरुवातीला आमच्या स्पीकरमधून सारखा ‘घूं’ असा आवाज येई. माइकवाल्या भाऊने सगळी यंत्रं एकाच बोर्डावर घेतली, केबलच्या डब्याची तार तपासली, आणि तो थांबला.

आता गाण्यांबद्दल एक गोष्ट, जी मला कुठल्याच दुकानात कोणी सांगितली नाही. आपण ज्यांच्यावर जीव टाकतो ती पन्नास-साठच्या दशकांतली बहुतेक सिनेगीतं मोनो आहेत, म्हणजे एकाच धाग्याची. यंत्रात ‘हॉल’, ‘स्टेडियम’ अशी बटणं असतात. ती दाबली की लताबाई स्टेडियममध्ये उभ्या राहतात आणि तबला विहिरीत पडतो. अशा गाण्यांसाठी ‘डायरेक्ट’ किंवा ‘स्टिरिओ’ एवढंच बटण लावावं. मोनो गाणं दोन चांगल्या स्पीकरांमधून बरोबर मधोमध उभं राहतं, जणू गाणारी समोर बसली आहे. ब्लमलिनने केलेल्या क्रांतीनंतर नव्वदहून अधिक वर्षांनी आपण एका धाग्याचं गाणं ऐकतो आणि ते पुरतं, याची मला गंमत वाटते.

यंत्र लागलं त्या रविवारी दुपारी ‘मुघल-ए-आझम’ लावला. १९६० सालचा हा सिनेमा २००४ मध्ये रंगीत होऊन पुन्हा आला, तेव्हा त्याचा आवाजही नव्या पद्धतीने तयार केला होता. वाद्यं नव्याने वाजवली, गाणाऱ्यांचे मूळ आवाज तसेच ठेवले. निवड अम्मीचीच. ती दिवाणावर बसली, कानातलं यंत्र घालून. मी जाड स्वर थोडे कमी केले, बारीक थोडे वाढवले, आणि सिनेमाकडे न बघता तिच्याकडे बघत बसलो.

पहिला अर्धा तास ती काहीच बोलली नाही. मग पडद्यावर कोणी बोलण्याच्या आधी तिचे ओठ हलू लागले. साठ वर्षांपूर्वी पाठ झालेले संवाद. एका ठिकाणी ती नटाच्या किंचित आधी बोलून गेली आणि माझी बायको हसली. अम्मीही हसली. या वेळी कशावर हसलो, हे तिला ठाऊक होतं.

मुलगा पुण्याहून फोनवर विचारत होता, “अब्बू, आवाज कसा आहे? खिडक्या हलतात का?” मी त्याला म्हटलं, थांब, दादीलाच विचारतो. मी विचारायच्या आतच ती माझ्याकडे वळली आणि जरा त्रासून म्हणाली, “अरे, आवाज जरा कम कर. सब सुनाई दे रहा है.”

पाच-सहा वर्षांत आवाज कमी कर, असं ती पहिल्यांदा म्हणाली होती.

श्रोतेहो, तुमच्या घरी यंत्र घ्यायचं असेल तर जरूर घ्या. पण दुकानात जाताना घरातल्या त्या माणसाला सोबत न्या, जो अलीकडे तुमच्याबरोबर टीव्ही बघत नाही. त्याच्या ओळखीचा एक सिनेमा घेऊन जा. यंत्राच्या दिव्यांकडे बघू नका, त्याच्या चेहऱ्याकडे बघा. त्याला बात कळली, की तेच यंत्र तुमचं.